बायकोचा अंगठा आणि गोल कंस

माझा धंदा नळदुरुस्तीचा. तुंबलेल्या मोऱ्यांमधून केसांचे बोळे, साबणाची बुळबुळीत साय, कुजलेला भात, मेलेला उंदीर आणि एकदा तर कुणाची तरी कवळी, असं सगळं मी या हातांनी बाहेर काढलं आहे आणि हात धुऊन लगेच जेवायलाही बसलो आहे. मला सहसा किळस येत नाही. म्हणून लोकांना पटत नाही, की मला खरी शिसारी आली ती एका काचेच्या, चकाचक पुसलेल्या, सुगंधाचा फवारा मारलेल्या खोलीमुळे. त्या खोलीत माझी बायको बसली होती आणि तिच्याबरोबर सात-आठ शिकलेली माणसं कंस कुठला घ्यायचा हे ठरवत होती.

आधी बायकोबद्दल सांगतो. तिच्याबद्दल दुसरं कुणी सांगणार नाही, आणि ती स्वतः तर मुळीच नाही.

बायको भरतकामाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात प्रोग्रामर आहे. कापड लावलं की सुई आपली आपण फुलं, वेली, गणवेशावरची नावं काढत जाते, ती यंत्रं. सुईने कुठे जायचं, किती टाके घालायचे, कुठला भाग किती वेळा काढायचा, हे यंत्राला लिहून सांगावं लागतं. ते लिहायची एक छोटी भाषा आहे आणि ती हिने बनवली, लग्नाच्याही आधी. आमची ओळख झाली तीही त्या भाषेच्या पायी. तिच्या खोलीतलं बेसिन तुंबलं होतं. मी खाली मुंडकं घालून पाईप सोडवत होतो आणि ही वर फोनवर कुणाला तरी झापत होती, "उघडलेलं बंद करायला नको? उघडं टाकून जेवायला जायचं, ही काय रीत झाली?" मी खालूनच ओरडलो, "बाई, मेन कॉक बंद केलाय मी!" ती वाकून बघायला लागली, आणि मग हसत सुटली. फोनवरच्या माणसाने कंस उघडा टाकला होता.

कंस म्हणजे काय हे मला तिनेच समजावलं, त्याच दिवशी, चहा पाजून. एक फूल वीस वेळा काढायचं असेल तर ते वीस वेळा लिहायचं नाही. एकदाच लिहायचं, त्याच्या आधी एक खूण करायची, नंतर एक खूण करायची आणि सांगायचं, या दोन खुणांमधलं वीस वेळा. नंतरची खूण राहिली तर फूल कुठे संपलं हे यंत्राला समजत नाही. मग सुई एकाच जागी टोचत बसते, कापडाला भोक पडेपर्यंत.

त्या खुणा म्हणून जगभरचे प्रोग्रामर महिरपी कंस वापरतात. पण त्या काळच्या यंत्राच्या पोटात मोजक्याच अक्षरांना जागा असायची. आमच्या लिपीतली दोन अक्षरं बाहेरून आलेल्या त्या अक्षरसंचात नव्हतीच. एकाच्या डोक्यावर टोपी, दुसऱ्याच्या पायाशी शेपटी. ती बसवायची तर कुणाला तरी उठवणं भाग होतं, आणि यंत्र बनवणाऱ्यांनी उठवलं महिरपी कंसांना. पडद्यावर जिथे महिरप दिसायची तिथे टोपीवालं अक्षर दिसायला लागलं. बाकीच्यांनी कपाळाला हात लावला. ही म्हणाली, उलट बरंच झालं, या दोन अक्षरांना स्वतःच्या कळा आहेत, एका बोटाने दाबता येतात. टोपीने उघडायचं, शेपटीने मिटायचं.

यंत्रावर काम करणाऱ्या बायकांना ते इतकं सवयीचं झालं, की त्या नक्षी वाचतानाही "टोपी, पान, पान, देठ, शेपटी" असंच म्हणत. हिला त्या टोपीताई म्हणायच्या. साहेबांनी दिलेली मानपत्रं हिने माळ्यावर टाकली आहेत, पण टोपीताई म्हटलं की गालातल्या गालात हसते.

फार गुणाची आहे असं मात्र समजू नका. हट्टी आहे. तिच्या भाषेला कुणी नाव ठेवलं तर आठवडाभर तोंड फुगवून बसते. कंस उघडा दिसला तर जिला घास जात नाही, ती घरातली सगळी कपाटं सताड उघडी टाकून ऑफिसला जाते. स्वयंपाक मी करतो, कारण तिच्या हातचं एकदा खाल्लं आहे.

आता अंगठ्याचं. टोपी-शेपटीची भाषा झाली नक्षी लिहायची. यंत्राच्या आतला कारभार लिहायची भाषा वेगळी, ती जगाची, आणि तिच्यात पावलोपावली महिरपी कंस. पुढे ते कंस आमच्याकडच्या कीबोर्डवर परत आले, पण अगदी अडगळीत. उजवा अंगठा आत दुमडून एक कळ धरून ठेवायची आणि त्याच हाताचं बोट ताणून वरची आकड्यांची कळ गाठायची. ज्यांनी ही भाषा ठरवली त्यांच्या देशात कंसाला सरळ कळ होती, त्यामुळे दुसऱ्याचा हात कसा वाकेल हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. हिने ते दिवसभर केलं, वर्षानुवर्षं केलं. आधी अंगठ्याचा सांधा रात्री ठणकायचा, मग दिवसाही ठणकायला लागला, मग सुजून तिरका झाला. कपाचा कान धरता येईना. गुंड्या मी लावून द्यायला लागलो.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "सांधा झिजलाय. अजून थोडं उरलंय ते जपा. हेच चालू ठेवलंत तर या अंगठ्याने पुढे काही धरता यायचं नाही."

"ऑफिसात सांग," मी म्हणालो.

"सांगते की! गुच्छ देतील, फोटो काढतील आणि घरी बसवतील."

तिने कुणाला सांगितलं नाही. हात खिशात घालून फिरायची.

अशात कारखान्याने नवं यंत्र काढायचं ठरवलं. नवं यंत्र म्हणजे भाषेची नवी आवृत्ती, आणि नवी आवृत्ती म्हणजे समिती. समितीचे अध्यक्ष मालकांचे जावईबापू. त्यांना मी पहिल्यांदा जिन्यात पाहिलं तेव्हा ते फोनवर कुणाला तरी "सौंदर्यदृष्टी" शिकवत होते आणि बोलता बोलता च्युइंगम बोटाने काढून कठड्याच्या खालच्या बाजूला चिकटवत होते. मला त्या बोटाची किळस आली नाही. आली ती त्यांच्या चेहऱ्यावरच्या समाधानाची.

जावईबापूंना टोपी आणि शेपटी गावंढळ वाटायची. समितीची पहिली बैठक यातच गेली. दुसरी गेली चौकोनी कंस किती रुक्ष दिसतो यात. मग कुणी महिरपी सुचवला, तर जावईबापू म्हणाले की तो सगळेच वापरतात, आपली ओळख काय राहिली? हिने साधा गोल कंस सुचवला. कीबोर्डवर त्याला अंगठा लागत नाही, बोटं न ताणता तो सहज दाबता येतो. जेवताना मला सांगायची, "एवढं पदरात पडलं ना, तर माझा हात वाचेल. निम्मं काम तरी त्या भाषेतलं असतं. बाकीचं सांभाळून घेईन." डाव्या हाताने घास घेत सांगायची. समितीतली मंडळी हिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत आणि पुढच्याच मिनिटाला जावईबापूंची री ओढत. एकाला हिने विचारलं, तुम्हाला स्वतःला कुठला कंस आवडतो? तो म्हणाला, "सरांनी ठरवला की मला आवडेल." हे सांगताना ही हसली. मी मात्र ताट बाजूला सारलं.

त्या कारखान्याच्या नळांचं काम पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. एक दिवस निरोप आला, वरच्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीला लागून जे स्वच्छतागृह आहे तिथलं बेसिन तुंबलंय, लगेच या. गेलो. मधलं दार अर्धवट उघडं होतं. मी जमिनीवर पाठ टेकून पाईप सोडवला आणि आतून जे निघालं ते फडक्यावर घेतलं. केस, कागद, कॉफीचा गाळ आणि ठिकठिकाणी चिकटलेलं च्युइंगम. वास डोक्यात जाणारा. तेवढ्यात पलीकडून जावईबापूंचा मध पाझरणारा आवाज आला. हिला ते मावशी म्हणत.

"मावशींनी आयुष्य वेचलंय या भाषेसाठी. त्यांच्या भावनेचा मान ठेवून आपण गोल कंसच घेऊ या."

पाईपाखाली मी एकटाच हसलो. वाटलं, चला, माणसाला उगाच शिव्या घातल्या.

"फक्त एक आहे," आवाज पुढे म्हणाला. "कीबोर्डवरचा तो बारका, कुपोषित कंस नको. आता जुने दिवस राहिले नाहीत, अक्षरसंचात लाखाच्या वर चिन्हं आहेत. मी त्यातून हा शोधलाय. बघा, रुंद, भरदार. काय देखणा आहे!"

वा, वा, झालं. कुणीतरी विचारलं, "सर, हा टाइप कसा करायचा?"

"यंत्रावर काचेचा पडदा आहे, तिथे कंसाच्या चित्रावर बोट ठेवलं की झालं. कीबोर्डवर दोन अंगठ्यांनी दोन बाजूंच्या दोन कळा धरून ठेवायच्या आणि चार आकडे मारायचे. नाहीतर कॉपी करून चिकटवायचा, सोपं आहे."

यावर सुरक्षाविभागाचे साहेब घसा खाकरून बोलले, "चिकटवायची आणि कळा बदलून घ्यायची सोय मी सगळ्यांच्या मशीनवर बंद केली आहे. त्यातून बाहेरचं काहीबाही आत येतं."

"मग आकडेच मारू. बोटांना व्यायाम!"

सगळे हसले. हसू फिदीफिदी, एका सुरातलं. मी फडक्यावरच्या त्या काळ्या गोळ्याकडे बघत होतो. साधा कंस काय आणि हा काय, वाचणाऱ्याला दोन्ही गोलच; रुंदीचा काय तो फरक. पण यंत्राला ती दोन वेगळी चिन्हं, एक ठरवलं की दुसरं चालत नाही. नुसता दिसायला गोल हवा म्हणून माणसाचा हात मोडायचा? तळपायाची आग मस्तकात गेली. मी मान बाहेर काढली ती ही आता काय बोलते ते ऐकायला. ही आता त्यांची सालटी काढणार, याची मला खात्री होती.

"मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

दाराच्या फटीतून मला हिचा हात दिसला. उजवा. अंगठा मुठीत लपवून वर केलेला.

टाळ्या झाल्या. एकमताने, असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं. गोळा हातात तसाच होता, आणि खरं सांगतो, त्या क्षणी त्या खोलीतल्या कुठल्याही माणसाचा हात हातात घेण्यापेक्षा मला तो गोळा बरा वाटला. तिच्यासकट. हे लिहायला नको, पण तसंच वाटलं.

पाईप जोडून मी दारात जाऊन उभा राहिलो. कोपरापर्यंत काळा. जावईबापूंनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "अहो, अहो, इथून नको. मागच्या जिन्याने." हिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनी नुसतं 'नको' म्हणाली. मी राग गिळून एवढंच बोललो, "पाणी चालू केलंय," आणि मागच्या जिन्याने उतरलो.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. लाज वाटत नाही का, हात वर करताना कुठला हात वर करतोय ते तरी बघायचं, डॉक्टरीणबाई काय मूर्ख आहेत का, सगळं बोलून झालं. ती खुर्चीवर बसून ऐकत होती. मग म्हणाली, "झालं तुझं? आता माझं ऐक. सकाळी जावईबापूंनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. ते माझी भाषा टाकूनच देणार होते. बाहेरून एक तयार भाषा विकत घ्यायचं जवळपास ठरलं होतं. तसं झालं असतं तर एवढ्या वर्षांच्या नक्ष्या कचऱ्यात, आणि यंत्रावरच्या बायकांना पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं असतं. निम्म्या जणींना तर काढूनच टाकलं असतं. मी भांडले. शेवटी म्हणाले, भाषा तुमची राहू दे, कंस माझा. आणि ठराव एकमताने झाला पाहिजे."

"म्हणजे सौदा केलास."

"केला. आतलं सगळं माझं आहे. त्या बायकांना पडद्यावर बोट ठेवायचंय, त्यांना काही त्रास नाही. आधी तेवढं विचारून घेतलं मी."

"आणि अंगठा?"

"तो माझा आहे. त्याचं काय करायचं ते मी बघेन."

किती किळसवाणं असतं हे. कुणी जबरदस्ती केली असती तर निदान भांडता आलं असतं. इथे सगळं मान देऊन, मावशी म्हणून, टाळ्या वाजवून. आणि माझी बायको त्यात शहाण्यासारखी सामील. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. गुंड्या तेवढ्या लावून दिल्या.

पुढे जुन्या नक्ष्या नव्या कंसात आणायचं काम निघालं. त्यासाठीचा प्रोग्राम हिनेच लिहिला. सगळ्या टोप्या-शेपट्या उचलायच्या आणि त्या जागी ते भरदार कंस ठेवायचे. पहिल्याच चाचणीला गणवेशावरचं एक नाव घेतलं. त्या नावातच टोपीवालं अक्षर होतं, साधं, नावातलं. प्रोग्रामला काय माहीत? त्याने तिथेही कंस उघडला. यंत्राने अर्धं नाव बरोबर काढलं आणि उरलेलं अर्धं एकाच जागी, एकावर एक, काढत बसलं. कापडावर बोटाएवढा दोऱ्याचा कडक गोळा झाला. हिने तो घरी आणला आणि टेबलावर ठेवून बघत बसली.

"ही चूक माझी," ती म्हणाली. "तेव्हा नावांभोवती वेगळी खूण घालायला लावायची होती. जागा वाचवायला म्हणून मी सोडून दिलं. आता कुठली टोपी नावातली आणि कुठली कामाची, ते एकेक बघून हातानेच मारायला हवं."

"दुसऱ्या कुणाला सांग."

"माझी चूक दुसऱ्याने का निस्तरायची?"

मग घरच्या जेवणाच्या टेबलावर ऑफिसचा लॅपटॉप आला. संध्याकाळी ही दोन्ही अंगठ्यांनी दोन कळा धरायची आणि बोटं वाकडी करून चार आकडे मारायची. एकेक कंस. दातांवर दात घट्ट आवळलेले. परगावी असलेली आमची मुलगी फोनवर ओरडायची, "आई, सोड ना ते! तुझ्या हातापुढे काय आहे त्याचं?" ही म्हणायची, "हो, हो, सोडते," आणि फोन ठेवून पुन्हा तेच. महिनाभर चाललं असेल. एका सकाळी तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि तो सरळ खाली पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तिने तो डाव्या हाताने उचलून मोरीत ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "गेला."

डॉक्टरीणबाईंनी अंगठा तळव्याशी पट्टीने बांधून टाकला. रागावल्यासुद्धा नाहीत. रागवायला आता काही उरलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी ती पुन्हा लॅपटॉपपुढे बसली. उजवी कळ कोपराने दाबून पाहिली. मग चमच्याच्या दांड्याने. चमचा घसरला आणि टेबलाखाली गेला. तो काढायला ती खाली वाकली, आणि बराच वेळ वर आलीच नाही. मी ओट्यापाशी उभा राहून बघत होतो. जावईबापूंची किळस, टाळ्या वाजवणाऱ्यांची किळस, तिच्या हट्टाची किळस, आणि हे सगळं बघत भाजी ढवळत उभ्या राहिलेल्या माझीही. गॅस बंद केला. खुर्ची ओढून तिच्या उजव्या बाजूला बसलो आणि त्या कळेवर माझा अंगठा ठेवला.

ती टेबलाखालून वर आली. डोळे पुसलेले होते. माझ्या अंगठ्याकडे पाहिलं; नख काळं, कडा चिरलेल्या.

"धुतलास ना?"

"धुतला."

"धर."

डावी कळ तिने धरली, मी उजवी. बांधलेल्या हाताच्या एका बोटाने तिने चार आकडे मारले. पडद्यावर तो रुंद, भरदार, देखणा कंस उमटला. एवढी घाणेरडी गोष्ट मी गटारातही पाहिली नव्हती.

"सोड."

आता रोज असंच चालतं. धर, सोड, धर, सोड. नव्या यंत्राच्या जाहिरातीत जावईबापूंचा फोटो आणि त्यांच्यामागे तो कंस आहे, माणसाएवढा. मी त्यांना शिव्या घालतो, ती ऐकून घेते आणि पुढची ओळ वाचते. यंत्रावरच्या बायकांचे फोन येतात. टोपीताई, सगळं पहिल्यासारखंच आहे हो, काही शिकावं लागलं नाही, म्हणतात. तेव्हा तिचा चेहरा कसा फुलतो ते मी बघतो, आणि मला रागावताही येत नाही, हीच सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

परवा एका घरी पाना फिरवताना माझ्या अंगठ्याच्या मुळाशी कळ आली. पाना हातातून सुटला आणि बेसिनची कड फुटली. घरमालकाला म्हणालो, ओला होता, निसटला. संध्याकाळी टेबलाशी बसलो. ती म्हणाली, "धर." मी कळ धरली.